लग्नाच्या वहीत न येणारा खर्च : माहुलच्या वसाहतीतून

लग्न ठरले की घरात एक वही येते. पहिल्या पानावर सहा-सात ओळी असतात : हॉल, जेवण, कपडे, सोने, मंडप, फोटो, पत्रिका. पुढे आकडे, खाली बेरीज. माहुलमध्ये काम करताना अशा बऱ्याच वह्या आम्ही पाहिल्या आहेत. बेरीज सहसा चुकलेली नसते. पण लग्न त्या सात ओळींत मावत नाही. उरलेला खर्च शेवटच्या आठ दिवसांत, रोखीने आणि कोणाच्याही हातून होत राहतो. तो कुठेच लिहिला जात नाही. लग्नानंतर महिन्याभराने घरातली बाई बचत गटाच्या मिटिंगला तोंड चुकवू लागते, तेव्हा तो पैसा कुठून आला होता ते कळते.

लग्न साधे करावे की थाटात, यावर आपल्या चळवळीत पुष्कळ बोलून झाले आहे. आमचा अनुभव असा की "साधे लग्न करा" असे नुसते सांगून फारसे कोणी ऐकत नाही. पण खर्चाच्या सगळ्या ओळी आधीच कागदावर आल्या, तर घरातलेच कोणीतरी, बहुतेक वेळा स्वतः नवरी किंवा नवरा, त्यातल्या दोन-तीन ओळींवर काट मारतो. म्हणून या लेखात आम्ही त्या न लिहिलेल्या ओळीच मांडत आहोत. आकडे जिथे "समजा" म्हणून दिले आहेत तिथे तुमच्या भागातले दर घालून घ्यावेत.

विधीला किती लागते?

सुरुवात विधीपासून करू, कारण तिथला हिशेब सर्वांत सोपा आहे. ४ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, बाबासाहेबांनी कर्डक यांना लिहिलेल्या पत्रात बौद्ध विवाहाचा विधी सांगितला आहे. होम नाही, सप्तपदी नाही. स्टुलावर नवे मडके, त्यात काठोकाठ पाणी, दोन बाजूंना वधू-वर, पाण्यात सोडलेल्या सुती दोऱ्याची टोके दोघांच्या हातात, अंगावर पांढरी वस्त्रे, आणि कोणीतरी मंगलसुत्त म्हणायचे. आज आपण त्याला त्रिशरण-पंचशील, जयमंगल अष्टगाथा, प्रतिज्ञा आणि पुष्पहार जोडतो. तरी यादी मडके, दोरा, हार, फुले, मेणबत्त्या, अगरबत्ती यापुढे जात नाही.

त्याआधीही ही वाट होती. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले, ते भटजीशिवाय आणि त्याच्या दक्षिणेशिवाय. बाबासाहेबांचे आणि रमाईंचे लग्न तर भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री लागले. सकाळी मासे विकणाऱ्या बायका येण्याआधी वऱ्हाडाने जागा मोकळी केली. आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीतल्या राहत्या घरी डॉ. शारदा कबीर यांच्याशी झालेला त्यांचा विवाह नोंदणी पद्धतीचा, मोजक्या माणसांत झाला.

म्हणजे धम्माच्या विधीने कोणाला कर्जात घातलेले नाही. तरी या ओळीतही एक चूक होते. बौद्धाचार्य मानधनाचा आकडा सांगत नाहीत, म्हणून वहीत तिथे शून्य लिहिले जाते. त्यांचा येण्या-जाण्याचा खर्च आणि विहाराला किंवा शाखेला द्यायचे धम्मदान ही रक्कम आधी ठरवून पाकिटात घालून ठेवा. ऐन वेळी खिशातून निघेल ते हातावर ठेवणे बरे दिसत नाही. डीजेवाल्याला पूर्ण पैसे आणि बौद्धाचार्यांना "नंतर बघू", हे आम्ही पाहिले आहे.

दोन वस्त्यांचे एक लग्न

माहुलचा हिशेब इतर ठिकाणांपेक्षा वेगळा पडतो. एव्हरस्माईलच्या वसाहतीत ७२ इमारती आणि १७,२०५ घरे आहेत. २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या तुटल्या आणि विद्याविहार, घाटकोपरसारख्या भागांतली हजारो कुटुंबे इथे आणून टाकली गेली. रिफायनरींच्या शेजारची ही हवा राहणाऱ्यांच्या आरोग्याला धोक्याची आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले होते. तो विषय स्वतंत्र आहे आणि त्यावरची लढाई संपलेली नाही. इथे त्याचा संबंध एवढाच की उठवून आणलेल्या माणसाला दोन वस्त्या असतात. एक सुटलेली आणि एक मिळालेली.

लग्नाच्या पत्रिका दोन्हीकडे जातात. जुन्या वस्तीतल्या माणसांनी तुमच्या बापाच्या मयतीला खांदा दिलेला असतो, त्यांना कसे टाळणार? आणि नव्या इमारतीत जिन्यात रोज दिसणाऱ्यांना न सांगून कसे चालेल? वहीत माणसे धरलेली असतात २००. समजा दोन्ही वस्त्या मिळून प्रत्यक्षात ३२० आली आणि ताट २५० रुपयांचे असेल, तर जेवणाच्या एकाच ओळीत ३०,००० रुपये वाढले. पत्रिका वाटण्यापूर्वी नावांची यादी दोन रकान्यांत करा, एक जुन्या वस्तीचा आणि एक नव्या. प्रत्येक नावापुढे किती माणसे येतील तो आकडा घाला, घरटी एक नव्हे. दोन्ही याद्या समोर आल्यावर काही कुटुंबांनी तोडगा काढला तो असा : इमारतीतल्या लोकांना लग्नाआधी एका संध्याकाळी बुद्धवंदनेला बोलवायचे, चहा-नाष्टा द्यायचा, आणि हॉलवर फक्त नातेवाईक व जुन्या वस्तीतले. कोणी रुसले नाही असे नाही. पण रुसवा सहा महिन्यांत जातो.

मग येण्या-जाण्याचा खर्च. हॉल चेंबूरला घेतला तर माहुलची माणसे न्यावी लागतात, वसाहतीजवळच मंडप घातला तर जुन्या वस्तीची माणसे आणावी लागतात. बस ठरवताना लोक एका फेरीचा दर विचारतात. परतीची फेरी, गाडी थांबवून ठेवण्याचे पैसे आणि ड्रायव्हर-क्लीनरचे जेवण नंतर कळते. रात्री उशिरा बस नसते, रिक्षावाला माहुलचे नाव ऐकून मान हलवतो, आणि मध्यरात्रीनंतर मीटरवर पाव भाग जादा लागतो. म्हाताऱ्या माणसांना घरी सोडण्यासाठी दोन गाड्या शेवटपर्यंत धरून ठेवाव्याच लागतात. ते वहीत "वाहतूक" असे मोघम न लिहिता "जाणे", "येणे", "रात्री सोडणे" असे तीन ओळींत लिहा.

घर आहे २२५ चौरस फुटांचे. गावाहून आत्या, मावशी, त्यांची मुले तीन दिवस आधी येतात. झोपायला शेजाऱ्यांच्या खोल्या मिळतात, माहुलमध्ये एवढी माणुसकी अजून आहे. पण गाद्या-चटया भाड्याने आणाव्या लागतात, पाण्याचे जार लागतात, गॅस आठवडाभर आधी संपतो. समजा ४० माणसे, तीन दिवस, चहा-नाष्ट्याचे माणशी रोज ६० रुपये, तर हे ७,२०० झाले, आणि दोन वेळचे जेवण अजून यात धरलेलेच नाही. पाहुण्यांचा हा खर्च आमच्या पाहण्यातल्या जवळजवळ कोणत्याच वहीत नव्हता. शिवाय इमारती सात मजली. लिफ्ट बंद असली की भांडी, सिलिंडर, आहेराची कपाटे-पलंग वर चढवायला हमाली द्यावी लागते. मजल्यागणिक दर वाढतो.

हॉलचे भाडे म्हणजे हॉलचा खर्च नव्हे

समजा हॉलवाल्याने ६०,००० सांगितले. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला तर १०,८०० वाढून ७०,८०० होतात. "सगळे मिळून किती?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. जीएसटी लावत असेल तर पावतीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. छोट्या उलाढालीच्या व्यावसायिकाला ही नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नसलेल्याला हा कर घेताही येत नाही. "बिल नको असेल तर जीएसटी नाही" असे कोणी म्हणाले तर लक्षात ठेवा, बिल नसेल तर डिपॉझिट परत मागायला हातात काही राहत नाही.

डिपॉझिटबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. हा पैसा परत येणार म्हणून तो खर्चात धरला जात नाही. बरोबर आहे, पण तो लग्नाच्या दिवशी तुमच्याकडे नसतो आणि त्याच दिवशी केटररला उरलेले पैसे द्यायचे असतात. ही खोट तेवढ्यापुरती कोणाकडून तरी उसनी घेतली जाते. पुढे डिपॉझिटमधून तुटलेली खुर्ची, भिंतीला लावलेला चिकटपट्टीचा डाग, जादा वीज असे कापत कापत निम्मेच हातात येते. म्हणून हॉल ताब्यात घेताना मोबाईलवर सगळ्या खोल्यांचे फोटो काढा, विजेच्या मीटरचा आकडाही टिपा.

हॉलवाल्याकडून कागदावर लिहून घ्यायच्या गोष्टी : ताबा किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, जादा तासाचा दर, वीज भाड्यात की युनिटप्रमाणे, वीज गेली तर जनरेटरचे डिझेल कोणाचे, सफाईचे पैसे, स्वयंपाकघर आणि पाणी. बाहेरचा केटरर किंवा मंडपवाला चालतो का, आणि चालत असेल तर त्याचे वेगळे पैसे लागतात का, हेही. वेळेचा मुद्दा आपल्याकडे फार महागात पडतो. पत्रिकेवर वेळ असते संध्याकाळी सहाची, लग्न लागते नऊला. तोपर्यंत पाहुण्यांची भाषणे, शुभेच्छा, कोणाकोणाचे सत्कार चालू असतात. सत्कार करणारे आपलेच कार्यकर्ते असतात हे कबूल करायला हवे. जादा तासाचे बिल मात्र मुलीच्या बापाच्या नावावर फाटते.

केटररच्या ताटात काय नाही तेही विचारा. पाण्याच्या बाटल्या, वाढप्यांचे पैसे, त्यांचे जेवण, उरलेले अन्न नेण्यासाठी डबे. फोटोवाल्याच्या ठरलेल्या रकमेत अल्बमची छपाई आहे की नुसता पेनड्राइव्ह, हे बहुतेकांना लग्नानंतर कळते.

हळद

इथे आम्ही बाजू घेऊन बोलणार आहोत. हळद हा बौद्ध विवाहविधीचा भाग नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी वसाहतीत हळदीशिवाय झालेली लग्ने हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा पैशाचे बोलू. हळद ही वहीत एका ओळीत असते, "हळद : १०,०००". प्रत्यक्षात ती एक पूर्ण वेगळी मेजवानी असते : मंडप, लाइटिंग, बॅन्जो किंवा डीजे, मटणाचे किंवा चिकनचे जेवण, पिवळ्या साड्या, आणि ज्याचे नाव कोणी वहीत लिहीत नाही ती दारू. हळदीला न बोलावलेलेही येतात, इमारतीतले सगळे येतात, आणि किती माणसे जेवली याचा हिशेब नसतो. काही घरांत हळदीचा खर्च लग्नाच्या जेवणाच्या बरोबरीला गेलेला आम्ही पाहिला.

रात्री १० नंतर ध्वनिवर्धक चालत नाही. हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. डीजेवाला पैसे घेतो पाच-सहा तासांचे, वाजते जेमतेम दोन तास, कारण सुरूच आठला होते. पुढे पोलीस आले की होणारी धावपळ आणि त्यातून निघणारा खर्च वेगळाच. तरुण मित्रांना आमचे सांगणे असे : हळद करायचीच असेल तर ती दुपारी, घरच्या माणसांत, शाकाहारी जेवणावर करा. वर्गणी काढून मित्राला "डीजे आमच्याकडून" असे म्हणणारी मंडळी असतात. त्यांना सांगा की तेवढीच रक्कम रोख द्या. ती कुठे लागणार आहे ते शेवटी सांगतो.

मानपान, आहेर, सोने

पत्रिकेवर "आहेर आणू नये" छापायचे आणि वहीत मनातल्या मनात आहेराच्या पाकिटांची बेरीज धरायची, ही सवय घातक आहे. पाकिटे येतात, पण ती लग्नानंतर उघडली जातात आणि मंडपवाला लग्नाच्या दिवशी दारात उभा असतो. आहेराचे उत्पन्न वहीत शून्य धरा.

उलट दिशेचा आहेर मात्र पूर्ण लिहा. मामाचे कपडे, आत्याची साडी, करवलीचे, पाठराखणीचे, व्याह्यांच्या घरातल्या प्रत्येकाचे, टॉवेल-टोपी. बसल्या बैठकीला पंचवीस-तीस नग होतात. काही ठिकाणी दोन्ही घरांनी बसून मानपान बंद असे ठरवले आणि त्याऐवजी एकमेकांना ग्रंथ दिले. हे ठरते, पण सुपारीच्या वेळीच ठरवावे लागते. पत्रिका छापल्यानंतर विषय काढला तर तो अपमान होतो.

हुंड्याबद्दल आपल्या समाजात कोणी उघड बोलत नाही. "आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगले करून द्या", हे वाक्य मात्र ऐकू येते. त्याचा अर्थ हॉल, जेवण, वऱ्हाडाची बस आणि नवऱ्याचा सूट मुलीकडून. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली केलेल्या नियमांनुसार वधूला आणि वराला मिळालेल्या भेटवस्तूंची लेखी यादी ठेवायची असते. अशी यादी आम्ही फार थोड्या घरांत पाहिली. ती करा. पुढे काही बिनसले तर मुलीच्या वस्तू परत मिळवायला तीच उपयोगी पडते.

सोन्याचा भाव वर्तमानपत्रात पाहून वजनाने गुणले की खर्च निघत नाही. त्यावर घडणावळ येते आणि ३ टक्के जीएसटी. घडणावळ दुकानागणिक आणि नक्षीगणिक बदलते, आणि दागिना मोडायला गेलात तर ती परत मिळत नाही. अडचणीला उपयोगी पडावे म्हणून सोने घेणार असाल तर साधा घाट घ्या.

गावचा मांडव

कोणाचे गाव कोकणात, कोणाचे सातारा-सांगलीकडे, कोणाचे मराठवाड्यात. मुंबईत लग्न लागले तरी गावाला एक जेवण द्यावे लागते, किंवा गावाला लग्न लागले तर मुंबईत स्वागत समारंभ. एका लग्नाची दोन लग्ने होतात ती इथे. मुंबईकर मंडळाची आणि गावशाखेची वर्गणी, गावच्या विहाराला देणगी, प्रवास, गावातला मंडप असे सगळे मिळून दुसरी वही होते. ज्यांना दोन्ही करणे जमत नाही त्यांनी एक जागा निवडावी आणि दुसरीकडच्यांना नुसते कळवावे. याला कोणी कंजुषी म्हणेल, म्हणू दे.

नोंदणीचे कागद

बौद्ध विवाहासाठी वेगळा कायदा नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्धांचा समावेश आहे आणि आपली लग्ने त्याखाली येतात. याबद्दलची नाराजी जुनी आहे. पण व्यवहारात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : विहाराचे, भारतीय बौद्ध महासभेचे किंवा पंचायत समितीच्या शाखेचे विवाह प्रमाणपत्र हा लग्न लागल्याचा चांगला पुरावा आहे, पण ती सरकारी नोंदणी नव्हे. नोंदणी १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांच्या आत करायची असते. माहुलसाठी ती महापालिकेच्या चेंबूरच्या एम पश्चिम विभाग कार्यालयात होते. पती, पत्नी आणि तीन साक्षीदार लागतात, विधी लावणाऱ्यांची सहीही लागते. म्हणून बौद्धाचार्यांकडून अर्जावर त्याच दिवशी सही घ्या. नंतर त्यांना शोधत फिरावे लागते.

शुल्क किरकोळ आहे, खर्च होतो तो सुट्ट्यांचा. पाच माणसांची एक दिवसाची मजुरी बुडते, कागद अपुरा निघाला तर दोन दिवसांची. एजंट हीच अडचण पाहून पैसे घेतो. वयाचा दाखला, आधार, पत्त्याचा पुरावा आधी तपासा. जुन्या वस्तीचा पत्ता आधारवर तसाच राहिलेली माणसे माहुलमध्ये अजून आहेत. मुलीने नाव बदलणे कायद्याने सक्तीचे नाही. बदलायचे असेल तर आधार, पॅन, बँक, शिधापत्रिका ही सगळी साखळी चालू होते. तिचा जातीचा दाखला माहेरच्या कागदांवर निघतो, तेव्हा तो लग्नाआधीच काढून ठेवलेला बरा.

तारीख

मुहूर्त न पाहणे ही आपल्याकडची सर्वांत मोठी बचत आहे आणि आपण ती वापरत नाही. पंचांगातल्या लग्नतिथीला हॉल, घोडा, केटरर, फोटोवाला सगळ्यांचे दर चढलेले असतात. पौष, पितृपंधरवडा, चातुर्मासाचे महिने, या काळात बाकीची लग्ने थांबतात आणि हॉल रिकामे असतात. आपल्याला कोणती आडकाठी आहे? तरी आपलेही लग्न मे महिन्यातल्या रविवारीच असते. मंगळवारी संध्याकाळचे लग्न दर कमी करून देते आणि येणारी माणसेही थोडी कमी होतात.

दोन गोष्टी मात्र पाहा. एप्रिलमध्ये जयंतीमुळे बॅन्जो, साउंड, मंडप, टेम्पो हे सगळे आपल्याच वस्त्यांत अडकलेले असतात, तेव्हा ते मिळतात पण भाव करता येत नाही. आणि वर्षावासात बऱ्याच विहारांत रोज 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, म्हणून त्या काळात बौद्धाचार्यांची वेळ आधी विचारून तारीख धरा.

पैसा कुठून?

तूट आली की माहुलमध्ये तीन दारे ठोठावली जातात : भिशी, गटाचे कर्ज आणि टक्क्याने पैसे देणारा. तिसऱ्या दाराचा हिशेब करून पाहा. शेकडा पाचने ५०,००० घेतले तर महिन्याचे व्याज २,५००, वर्षाचे ३०,०००, आणि मुद्दल तिथेच. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के एवढाच दर ठरवून दिलेला आहे. चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. पैसे देणाऱ्याकडे परवाना आहे का, हा प्रश्न आपल्या वस्तीत विचारणे सोपे नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण कोरे चेक आणि घराचे वाटपपत्र कोणाच्याही हातात देऊ नका.

त्याआधी ठोठावायची काही दारे आहेत. आई-वडिलांपैकी कोणी नाक्यावर उभे राहून बांधकामाचे काम करत असेल किंवा नवरा-नवरी स्वतः करत असतील, तर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी बघा. नोंदीत कामगाराला स्वतःच्या पहिल्या लग्नाच्या खर्चापोटी ३०,००० रुपये मिळतात. नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तेव्हा सुपारी फुटल्यावर धावून उपयोग नाही. कंपनीत किंवा ठेकेदाराकडे भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर त्यातून लग्नासाठी काही रक्कम काढता येते, ती परत भरायची नसते. त्याचे नियम अलीकडे सैल करण्याचा निर्णय झाला आहे, चालू नियम पाहूनच आकडा धरा.

समाजकल्याण खात्याचे उपनगर जिल्ह्याचे कार्यालय चेंबूरलाच, आर. सी. मार्गावरच्या प्रशासकीय इमारतीत आहे. माहुलहून जवळ, तरी आपली मुले तिथे शिष्यवृत्तीपुरतीच जातात. सामूहिक विवाहात लग्न करणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठीच्या योजनेची चौकशी तिथे करता येते. योजनेचे नाव "कन्यादान" आहे. आपल्या विधीत कन्येचे दान नाही, प्रतिज्ञा दोघांचीही असते. नावाशी भांडण चालू ठेवा, अर्ज मात्र भरा. आंतरजातीय विवाहासाठी राज्याची ५०,००० रुपयांची प्रोत्साहन योजना आहे, तिचीही विचारणा इथेच करा. त्यासाठी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र लागते, म्हणजे पुन्हा ९० दिवसांची गोष्ट आली.

सर्वांत मोठी विसरलेली ओळ

आई-वडील, धाकटा भाऊ, आजी, आणि आता नवे जोडपे. २२५ चौरस फूट. लग्नाच्या वहीत या जोडप्याच्या खोलीची ओळ आम्हाला सापडत नाही. पहिले काही दिवस भाऊ मित्राकडे झोपतो, आजी गावी जाते. मग कुरबुरी सुरू होतात, आणि आमच्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या नव्या जोडप्यांच्या तक्रारींच्या तळाशी बऱ्याचदा सासू नसते, भिंत नसणे असते.

एका कुटुंबाला दुसरीकडे राहायला काय लागते, याचा एक आकडा माहुलच्या लढ्यातच मिळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विस्थापित कुटुंबांना पर्यायी घर मिळेपर्यंत महिना १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये डिपॉझिट द्यायला सांगितले. त्याला काही वर्षे झाली, भाडी वाढली आहेत. तरी ४५,००० हा आकडा समोर ठेवून वहीत परत मागे जा. हळदीचा डीजे, इमारतीची मेजवानी, मानपानाचे तीस नग, हॉलचे जादा तास. यातल्या दोन-तीन ओळी कमी झाल्या तरी एका खोलीचे डिपॉझिट निघते. मित्रांनी डीजेऐवजी द्यायची रोख रक्कम आम्ही वर म्हटली होती, ती इथे लागते.

वही लग्नाच्या दिवशी बंद करू नका. मांडव उतरवल्याचे, अल्बमच्या शेवटच्या हप्त्याचे, नवरीच्या पहिल्या माहेरपणाचे, गावच्या प्रवासाचे आणि विवाह नोंदणीचे पैसे पुढच्या दीड-दोन महिन्यांत जातात, आणि हॉलचे डिपॉझिट, पाकिटे, उसने दिलेले परत येतात. ते सगळे लिहून झाले की खाली खरी बेरीज करा, आणि ती वही इमारतीत पुढचे लग्न ज्या घरात आहे त्यांना वाचायला द्या.